तुम्ही विचारलंत म्हणून: शिवराई सोडून इंग्रजांची नाणी का?

दर दिवाळीच्या फराळाला कोणीतरी विचारतंच, "शिवराई सोडून या इंग्रज राजांची नाणी कशाला जमवतेस?" म्हणून एकदा लिहूनच टाकते. (शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं.)

सोपं उत्तर असं की मी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये राहते आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी भारताबाहेर आणायला 1972 च्या कायद्याने बंदी आहे. पण हे सांगून मी विषय टाळते हे मलाही कळतं. कायदा नसता तरी मी इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचीच नाणी घेतली असती.

राजासाठी नाही हो, 1696 सालासाठी. त्याआधी लोक हातोड्याने पाडलेल्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढायचे, इतकी की सरकारी खजिन्यात आलेली नाणी तोलली तर निम्म्याच्या आसपास भरली. मग जुनी चांदीची नाणी परत घेऊन वितळवली आणि मशीनची नवी पाडली, काठावर रेघा असलेली, म्हणजे कातरलं की लगेच दिसेल, आणि लंडनची टांकसाळ पुरेना म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्झेटर, नॉर्विच, यॉर्क इथे तात्पुरत्या टांकसाळी काढल्या, न्यूटन त्याच वर्षी टांकसाळीत रुजू झाला, खर्च भागवायला घरांच्या खिडक्यांवर कर बसला. हाल झाले गरिबांचे. जुनं नाणं कोणी घेईना, नवं हातात येईना. नोटबंदीत रांगेत उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ब्रिस्टलच्या नाण्यावर राजाच्या चेहऱ्याखाली 'बी' हे अक्षर असतं. ती टांकसाळ जिथे होती ती इमारत 1940 च्या बॉम्बहल्ल्यात गेली. इथे आले तेव्हा माझं ओळखीचं कोणी नव्हतं, पहिल्या वर्षी मी 'बी'चा शिलिंग (त्या काळचं चांदीचं नाणं) घेतला आणि हे गाव थोडं माझं वाटायला लागलं.

त्या दिवाळीला आई आली होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ऑफिसातून आले तर चौरंगावर शिलिंग लखलखत होता. चांदीचे देव घासतात तसा तिने तो रांगोळीने घासला होता. तीनशे वर्षांचा काळसर थर गेला, चेहऱ्यावर बारीक ओरखडेच ओरखडे. ती कौतुकाने म्हणाली, "अगं, पूजेला काळं नाणं ठेवतात का?" आणि मी ओरडले. "तुला काही कळतं का, हात कशाला लावलास!" असं, हातात आरतीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या आईला. ती काही बोलली नाही. आरती झाली, जेवणं झाली. नंतर जाईपर्यंत तिने माझ्या टेबलावरची धूळसुद्धा पुसली नाही.

तेव्हा मला वाटत होतं मी इतिहासासाठी ओरडले. आज वाटतं माझ्या वस्तूसाठी. पण नाणं खराब झालं हेही खरंच ना? ते घासायचं नसतं, हे मी आजही म्हणेन.

दुसरं एक मात्र मला अजून सुटलेलं नाही. त्या काळच्या काही नाण्यांवर हत्ती असतो, रॉयल आफ्रिकन कंपनीची खूण, गुलामांचा व्यापार करणारी कंपनी. ती मी घेत नाही. मग बाकीची चांदी सोवळी होती का? माहीत नाही, तरी घेते.

आणि शिवराईवाल्यांनो, 1674 ला इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, रायगडावर आला तेव्हा इंग्रजांचं मुंबईचं नाणं महाराजांच्या राज्यात चालावं असं त्याचं मागणं होतं. महाराजांचं म्हणणं, वजनाला आणि कसाला चोख असेल तर मनाई नाही, पण रयतेचा तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्ती करणार नाही. माझं वेड याच प्रश्नाचं आहे, नाणं चोख आहे का; नाणं कोणाचं हा नंतरचा.

गेल्या महिन्यात सांगलीहून आईचा फोन आला, आजीच्या डब्यात दोन शिवराया सापडल्यात. म्हणाली, "चिंच लावू का गं, की तशाच ठेवू?"

मला पटकन बोलताच आलं नाही.