पार्किंग आणि जिना यांच्यामधलं दार

बडोद्यात मांजलपूरला आमची सोसायटी आहे. चोवीस फ्लॅट, सहा मजले, खाली हॉलो प्लिंथ, म्हणजे खांबांवरचा मोकळा तळमजला, आणि त्याच्याही खाली बेसमेंट पार्किंग. 25 मे 2024 ला राजकोटच्या गेमझोनला आग लागली आणि नंतर गुजरातभर इमारतींच्या तपासण्या सुरू झाल्या. आमच्याही फाटकावर नोटीस लागली: फायर एनओसीची, म्हणजे अग्निशमन खात्याच्या ना-हरकत दाखल्याची, मुदत संपलेली, बेसमेंटमध्ये स्प्रिंकलर नाहीत, जिना पार्किंगपासून वेगळा केलेला नाही. त्या वर्षी सेक्रेटरी मी होते.

स्प्रिंकलरवर कुणी फारशी कुरकुर केली नाही. राष्ट्रीय बिल्डिंग कोडप्रमाणे 200 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बेसमेंटला स्प्रिंकलर लागतातच, आमचं बेसमेंट त्याच्या दुपटीहून मोठं. मीटिंगमध्ये भीती वेगळीच होती. कुणी अगरबत्ती लावली तरी सगळीकडून पाणी सुटेल आणि गाड्या भिजतील, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. ठेकेदारानं सुटा नोझल आणून टेबलावर ठेवला. मध्ये लाल द्रव भरलेली काचेची छोटी नळी असते, ती 68 अंशांच्या आसपास फुटते, आणि ज्या नोझलची नळी फुटते त्यातूनच पाणी येतं. धुरानं काही होत नाही. हे हातात धरून बघितल्यावर दोन हप्त्यांत पैसे जमले.

खरा वाद झाला तो दारावरून. आमचा जिना बेसमेंटपासून गच्चीपर्यंत सलग. बेसमेंटला त्याला दारच नव्हतं, हॉलो प्लिंथला तो दोन्ही बाजूंनी उघडा, आणि पायथ्याशीच विजेच्या चोवीस मीटरांचं पॅनल, त्याला टेकून स्कूटर लावलेल्या. खाली एखादी गाडी पेटली तर धूर सरळ वर चढणार आणि सहाही मजल्यांची उतरायची वाट एकदम बंद होणार. कोडमध्ये यावर स्पष्ट लिहिलंय: बेसमेंटचा जिना वरच्या जिन्यापासून वेगळा हवा, आणि सलगच असेल तर भिंतींनी बंदिस्त करून त्याला आगीला टिकणारं दार हवं. नऊ इंची विटांची भिंत, 120 मिनिटांचं दार.

"स्प्रिंकलर लावले ना, मग दार कशाला?" हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला. मी प्रत्येकाला एकच सांगितलं. पाणी आग आवरेल, पण गाडीच्या छताखाली, सीटमध्ये पेटलेल्यावर ते थेट पडत नाही, आणि तेवढ्या वेळात निघालेला धूर पाण्यानं अडत नाही. माझ्या सासूबाई पाचव्या मजल्यावर राहतात, गुडघ्यांमुळे एकेक पायरी उतरतात. सुरतच्या तक्षशिला इमारतीच्या आगीत 24 मे 2019 ला 22 मुलं गेली. वरच्या मजल्यावरच्या मुलांना खाली यायला जिना उरला नव्हता, म्हणून त्यांनी उड्या मारल्या. हे बोलताना मीटिंगमध्ये माझा आवाज कापला. त्यानंतर ठराव मंजूर झाला.

भिंत आठवड्यात उभी राहिली, स्कूटरही हलल्या. बेसमेंटचं दार जिन्याच्या आत उघडतं, हॉलो प्लिंथचं बाहेर. माणूस ज्या दिशेनं पळेल त्या दिशेनं. चौकटीच्या खाचेत एक पट्टी असते, ती उष्णतेनं फुगते आणि फट बुजवते. दोन्हींवर क्लोजर, म्हणजे सोडलं की दार आपोआप मिटतं.

तपासणीच्या दिवशी अधिकारी बेसमेंटमध्ये उतरले आणि पहिलं वाक्य बोलले, "बेन, आ बारणुं खुल्लुं केम छे?" म्हणजे ताई, हे दार उघडं का? दाराखाली वीट होती. कुणीतरी पाण्याचे जार आत न्यायला लावली होती आणि तशीच राहिली. दोन तास टिकणारं दार आणि त्याला एक वीट. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, मी मान खाली घातली.

मग लाइनच्या टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडला. एक स्प्रिंकलर फुटल्यावर जेवढं पाणी जाईल, तेवढं त्यातून जातं. दाब उतरला की पंप आपोआप चालू व्हायला हवा, घंटा वाजायला हवी. घंटा वाजली. पंप गप्प. पंपाच्या पॅनलचा स्विच 'मॅन्युअल'वर होता. आवाज नको म्हणून कुणीतरी फिरवला होता. खऱ्या आगीत पाइपमधलं साठलेलं पाणी तेवढं सुटलं असतं आणि मग काहीच नाही. अधिकारी म्हणाले, पुन्हा येऊ.

पुढच्या तीन आठवड्यांत जे हाती लागलं ते सगळं आम्ही दुरुस्त केलं. दिवाळीच्या रंगात रंगाऱ्यानं बेसमेंटच्या छताबरोबर सहा नोझलही रंगवले होते. रंग चढलेला नोझल पुसून चालत नाही, उष्णता काचेला वेळेवर लागत नाही, सहाही बदलले. टाकी अशी जोडून घेतली की पाणी आधी आगीच्या टाकीत भरतं आणि तिथून ओसंडून घरगुती टाकीत जातं. म्हणजे आगीचा साठा कुणाच्या बागेत जात नाही. इंटरनेटवाल्यांनी स्लॅबमधून मजलोमजली भोकं पाडली होती, त्यांत केबलभोवती आगीत टिकणारा मसाला भरला. हे काम सगळ्यांत किचकट निघालं, कारण प्रत्येक भोकाचा मालक वेगळा आणि घरी कुणी नाही.

विटेचं काय करायचं, यावर मी खूप विचार केला. लोक वाईट नव्हते, दार जड होतं. सासूबाईंनी ते दोन्ही हातांनी ढकलून बघितलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, मी इथेच अडकेन गं." दारवाल्याला पुन्हा बोलावलं. क्लोजरच्या बाजूला दोन स्क्रू असतात, एक वेगाचा, एक शेवटच्या झटक्याचा. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, असं करत त्यानं तासभर घालवला, तरीही दार जड. शेवटी कमी ताकदीचा क्लोजर बसवला.

दुसऱ्या तपासणीला पंप तिसऱ्या सेकंदाला चालू झाला. दार मिटलेलं होतं. एनओसी फाटकाजवळच्या फळ्यावर लावली आहे, मुदत लाल पेनानं लिहून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही टेस्ट व्हॉल्व्ह उघडतो, आणि सासूबाई खाली येऊन ते दार एका हातानं उघडून बघतात.