गाळ काढला, आता कसली काळजी?

गणपतीला मुंबईहून आलेले पाहुणे हमखास विचारतात, "वाशिष्ठी नदीतला गाळ काढला ना? मग अजून पुराची कसली काळजी करता?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. भिंतीवर पुराच्या दोन रेघा. खालची २६ जुलै २००५ ची. ती बघून आम्ही माळा बांधला आणि माल तिच्या हातभर वर ठेवत आलो. २२ जुलै २०२१ ला पाणी माळ्यावर चढलं. सोळा वर्षं आमची तयारी होती ती मागच्या पुराची.

सह्याद्रीवरून पाणी धावत उतरतं, चिपळूणशी उतार संपतो. त्यात कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं. आणि समोरून दाभोळ खाडीची भरती थेट चिपळूणला लागून असलेल्या गोवळकोटपर्यंत. २०२१ च्या पुराच्या दिवशी पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. माझी आजी मोठा पाऊस लागला की आधी तिथी बघायची. अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस, असला की निर्धास्त झोपायची. खाडी भरलेली असताना वरच्या पाण्याने जायचं कुठे?

गाळासाठी चिपळूणकर उपोषणाला बसले, तो निघाला, फार बरं झालं. पण डोंगर बोडके होत राहिले तर गाळ पुन्हा येणारच.

नेदरलँड्समध्ये १९५३ च्या समुद्राच्या पुरात १८३६ माणसं गेली. त्यांनी मोठमोठे बांध घातले. १९९३ आणि १९९५ ला नद्या फुगल्या, तेव्हा मात्र नुसती भिंत उंच करून भागणार नाही हे ओळखून कित्येक ठिकाणी बांध मागे सरकवले, नदीला जागा दिली. २०१२ पासून तर त्यासाठी कायदा आहे, वेगळा निधी आहे, आणि दरवर्षी पुढचा आराखडा मांडायला नेमलेला एक आयुक्त आहे. मला हेवा वाटतो तो या दरवर्षीच्या कामाचा. आपल्याकडे पूर ओसरला की फाईलही ओसरते.

आपल्याकडे पूररेषा आहेत: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. आमचा नदीकाठचा प्लॉट निळ्या रेषेच्या आत गेला. मुलासाठी घर बांधायचं होतं तिथे. पहिल्यांदा मीही चिडलो, अर्ज लिहायला बसलो. मग दुकानातल्या वरच्या रेघेकडे बघितलं आणि अर्ज फाडला. घराला वरच्या आळीत जागा बघतोय. प्लॉटवर भात लावलाय.