बांदा नेइरा: डायव्हिंग झकास, पण त्या डोंगराच्या उताराबद्दल कोणी बोलत का नाही?

परवा परत आलो. जिना उतरताना मांड्या अजून शिव्या घालतायत, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर डायव्हिंगला जाणाऱ्या प्रत्येकाला नेइरासमोरच्या गुनुंग आपी या ज्वालामुखीबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते, दीड तासात वर, सोप्पंय, पोरं चपला घालून जातात. पोरं जातात हे खरंय, मी डोळ्यांनी बघितलं, पण ती तिथली पोरं आहेत. उंची जेमतेम सहाशे-साडेसहाशे मीटर म्हटल्यावर आम्ही तिघंही गाफील राहिलो, तसे तिघंही बऱ्यापैकी चालणारे.

त्या वाटेला वळण नावाचा प्रकारच नाही. समुद्राच्या पातळीवरून जी नाकासमोर वर निघते ती थेट ज्वालामुखीच्या तोंडाशी थांबते. खालचा भाग झाडीतला, घामाने अंघोळ होते पण मुळं धरायला मिळतात म्हणून निभतं. अर्ध्याच्या वर झाडी विरळ होते आणि मग नुसता घसारा, सुटी काळी खडी, एक पाऊल वर टाकलं की पाऊण पाऊल परत खाली. वर पोचायला अडीच तास लागले. उतरायला तीन. हे उलटं गणित कोणी आधी सांगितलं असतं तर दोन लिटर पाणी तिघांत नेलं नसतं. माणशी दोन लिटर न्या, कमी नको.

उतरताना एका जागी मी झुडूप धरलं, तर ते मुळासकट हातात आलं आणि मी पाठीवर दहा-बारा फूट तसाच घसरत गेलो. उजव्या तळव्याची साल निघाली. तेवढ्यात मागच्या मित्राच्या बुटाखालचा नारळाएवढा दगड सुटला तो टणाटण उड्या मारत माझ्या कानाजवळून गेला. त्यानंतर आम्ही एकाखाली एक न चालता तिरके चालायला लागलो, तुम्ही पहिल्यापासूनच तसं चाला. जाड हातमोजे न्या, सामान उचलणारे कामगार घालतात तसले, डायव्हिंगचे नकोत, अर्ध्या तासात चिंध्या होतील. सोललेल्या तळव्याने दुसऱ्या दिवशी खाऱ्या पाण्यात उतरून बघा म्हणजे मी एवढा का चिडलोय ते कळेल.

वर काय आहे? भेगांतून वाफ, गंधकाचा वास, बसलो ती जमीन बुडाला चटके देणारी, आणि खाली अख्खं नेइरा, बेट आडवं कापणारी विमानाची धावपट्टी, बेल्जिका किल्ल्याचा पंचकोन. ढग आला की तेही नाही, म्हणून पहाटे पाचला निघा. मी परत चढणार नाही. तुम्ही एकदा जा.

पैशांचंही सांगतो. नेइराहून पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी सोडणाऱ्या होडीवाल्याने एक लाख रुपिया म्हटलं, आम्ही खूश. परत आल्यावर म्हणे माणशी एक लाख, आणि यायचे वेगळे. उन्हात, लंगडत, पाणी संपलेलं, कोण भांडणार, दिले. "पुलांग पर्गी" म्हणजे जाऊन-येऊन आणि "पर ओरांग" म्हणजे माणशी, हे दोन शब्द पाठ करा आणि होडीत पाय टाकायच्या आधी वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या प्लॅनमध्ये तीन दिवस डाइव्ह आणि चौथ्या दिवशी डोंगर असं होतं. डाइव्ह गाइडने कपाळाला हात लावला. लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानाआधी निदान १८ तास थांबायचा जो नियम आहे तो साधारण सहाशे मीटरपासूनच्या उंचीला धरून केलेला आहे, म्हणजे हा डोंगर बरोब्बर त्या सीमेवर, वर तीन तासांची दमछाक. डाइव्हनंतर अंगात वायूचे बुडबुडे झाले तर ज्यात उपचार करतात ते चेंबर बांदावर नाही, बोट रोज नाही. त्यामुळे डोंगर आधी, मग एक दिवस आराम, मग पाणी. आम्ही आरामाचा दिवस खाल्ला आणि पहिल्या डाइव्हला फिन मारताना दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. करंटमध्ये गोळा येणं ही गंमत नाही.

पण लाव्हा फ्लो नावाची डाइव्हची जागा बघितली आणि सगळं माफ केलं. १९८८ च्या मे महिन्यात हा डोंगर फुटला तेव्हा लाव्हा सरळ समुद्रात गेला आणि तिथलं सगळं कोरल मेलं. पाचेक वर्षांत त्याच काळ्या दगडावर शंभराहून जास्त जातींचं कोरल उगवलेलं शास्त्रज्ञांना सापडलं. आज जेवणाच्या टेबलापेक्षा मोठी टेबल कोरल एकावर एक रचल्यासारखी आहेत, दगड दिसतच नाही. तेही कमी खोलीवर, त्यामुळे हवा पुरवून पुरवून बघता येतं. मी मास्कमध्ये हसत होतो, पाणी शिरलं.

समुद्री सापांसाठी येत असाल तर थांबा. सापांचं गुनुंग आपी वेगळं, ते लांब वेतार बेटाच्या उत्तरेला, निर्मनुष्य, तिकडे लिव्हअबोर्डनेच, म्हणजे राहायची सोय असलेल्या डाइव्ह बोटीनेच जातात. गुनुंग आपी म्हणजे नुसतं "आगीचा डोंगर", या देशात त्या नावाचे एकाहून जास्त आहेत. आमच्यातल्या एकाने खास सापांसाठी कॅमेऱ्याची लेन्स घेतली होती. त्याच्याशी अजून या विषयावर बोलत नाही.

हात्ता, आय, रुन या आसपासच्या बेटांवरचे दिवस छान गेले, तक्रार नाही. मॅंडरिन फिश बघायला मात्र लांब जाऊ नका, संध्याकाळी बंदरातच, जेट्टीशेजारी कचऱ्यात दोन-तीन मीटरवर दिसतात. टॉर्च मंद ठेवा.

जायचं कसं, तर आंबोन शहराजवळच्या तुलेहू बंदरातून फास्ट बोट, पाच-सहा तास, आठवड्यातून मोजके दिवस. छोट्या विमानाने गेलात तर सामान दहा किलो, म्हणजे तुमचं रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) आणि बीसीडी (तरंगायचं जाकीट) गेलं की चड्डीला जागा नाही. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो, तेव्हा नकोच. ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. परतीचं विमान बोटीच्या दुसऱ्या दिवशीचं घेऊ नका, मध्ये दोन दिवस ठेवा. रोख रक्कम आंबोनलाच काढा. आणि बोटीचा वार बदलला तर तुम्हाला फोन करून कोणी सांगत नाही, आदल्या संध्याकाळी स्वतः जेट्टीवर जाऊन विचारायचं. आम्हाला सकाळी सात वाजता, बॅगा खांद्यावर असताना, एका केळीवाल्या मावशींकडून कळलं.