यादीत न बसणारी तबकडी

जगातील सर्वांत प्रभावी अल्बम कोणते, याच्या याद्या संगीतसमीक्षक वर्षानुवर्षे करीत आले आहेत आणि त्या वाचण्याचा मला छंदच आहे. नावे बहुधा ठरलेली असतात. बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’, त्याच्या आदल्या वर्षीचा बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ आणि जाझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा ‘काइंड ऑफ ब्लू’ यांना कोणीही सहसा वगळत नाही. क्रम मात्र स्थिर नसतो. ‘रोलिंग स्टोन’ने २००३ मध्ये केलेल्या यादीत ‘सार्जंट पेपर्स’ पहिला होता. त्याच मासिकाने २०२० मध्ये नवी यादी केली, तेव्हा मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अग्रभागी आला आणि ‘सार्जंट पेपर्स’ची रवानगी चोविसाव्या क्रमांकावर झाली. पंगतीत पहिल्या पाटावर बसवलेल्या पाहुण्याला हाताला धरून उठवावे, तसाच हा प्रकार.

क्रमाबद्दल वाद घालण्यात मला रस नाही, पण ‘प्रभाव’ मोजण्याची त्यांची रीत मला पटते. खप किती झाला हे ते पाहत नाहीत. ती तबकडी ऐकून पुढच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी काय केले, हे पाहतात. ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ हा अल्बम १९६७ मध्ये आला, त्याच्या मुखपृष्ठावर चित्रकार अँडी वॉरहॉलने काढलेले पिवळे केळे होते, आणि तो सुरुवातीला फारसा विकलाच गेला नाही. तरीही पुढच्या पिढीतील कितीतरी वाद्यवृंदांनी आपले मूळ त्यात शोधले. ‘काइंड ऑफ ब्लू’ची गोष्ट तर आलापीवर वाढलेल्या कानाला जवळचीच वाटावी. डेव्हिसने सहकाऱ्यांसमोर पूर्ण स्वरलेखन न ठेवता केवळ आराखडे ठेवले, कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, सतत बदलणाऱ्या साखळीऐवजी मोजक्या स्वरावली दिल्या, आणि त्या चौकटीत ज्याने त्याने आपली वाट काढायची, असे ठरवून अवघ्या दोन दिवसांच्या ध्वनिमुद्रणात अल्बम पूर्ण केला.

हीच कसोटी आमच्या बेळगाव भागाला लावून पाहिली, की मात्र अडचण उभी राहते. या याद्या ज्या लाँग प्ले तबकडीभोवती फिरतात, ती कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणली. मिनिटाला सुमारे तेहतीस फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले आणि अनेक गाणी एका सूत्रात ओवण्याची कल्पना खऱ्या अर्थाने शक्य झाली. आमच्याकडच्या मोठ्या घडामोडी त्याआधीच, ७८ फेऱ्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांत, होऊन गेल्या होत्या. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातील ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी गदगच्या एका शाळकरी मुलाने ऐकली, आणि असे गाणे शिकायचेच या ध्यासाने वयाच्या अकराव्या वर्षी तो घर सोडून निघाला. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्याला गुरू म्हणून लाभले. भीमसेन जोशी यांची ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तबकडीचा प्रभाव म्हणून मात्र तिची नोंद कोणी करीत नाही.

दुसरे उदाहरण त्याहून जवळचे आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी लहानपणी बड्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत, आणि त्या वयातच एका मठाच्या स्वामींनी त्यांना ‘कुमार गंधर्व’ म्हटले. हुबेहूब नक्कल करणारा हा मुलगा पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला, क्षयाच्या आजारात देवासला अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीते ऐकत राहिला आणि शेवटी कोणाचीच नक्कल वाटणार नाही असे गाणे गायला. एका तबकडीने मुलाला घराबाहेर काढले. अनेक तबकड्या पचवून दुसरा त्यांच्याबाहेर पडला. यांतला दुसरा प्रकार मला अधिक दुर्मीळ वाटतो.

लाँग प्ले आणि कॅसेटच्या काळातही आम्ही मागे राहिलो नाही. संतूर, बासरी आणि गिटार घेऊन शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७ मध्ये केलेला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा एका मेंढपाळाच्या दिवसाची कथा रागांतून सांगणारा अल्बम मी कोणत्याही यादीत बीटल्सच्या शेजारी बसवीन. पण गावोगावच्या गळ्यांवर खरा परिणाम केला तो भीमसेनजींच्या अभंगांनी. राम फाटक यांनी चाल दिलेले ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ माहीत नसलेले भजनी मंडळ खानापूर-निपाणी पट्ट्यात मला तरी भेटलेले नाही. त्याच घरांत त्यांनीच गायिलेले पुरंदरदासांचे कन्नड ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ही तितक्याच आवडीने ऐकले जाई. भाषेवरून चौकात कितीही वाद पेटलेला असो, घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये एका कॅसेटनंतर दुसरी घालताना कोणाला काही विशेष वाटत नसे.

मात्र या प्रभावाची एक बाजू समीक्षकांच्या यादीत कुठेच दिसत नाही. पूर्वी एकाच अभंगाला गावागणिक वेगळी चाल असे. पखवाजाचा ठेका निराळा, टाळकऱ्यांनी उचलायची ओळही निराळी. कॅसेट आली आणि मंडळे एकसारखी गाऊ लागली, इतकी की पंडितजींनी जिथे तान घेतली नेमकी तिथेच बुवाही तान घेऊ पाहतात आणि श्वास संपल्यावर पेटीवाल्याकडे बघतात. हे ऐकताना मला हसू येते, तशी रुखरुखही लागते, कारण ज्या चाली मागे पडल्या त्या कोणी मुद्रित करून ठेवल्या नव्हत्या. पुढची यादी करणाऱ्यांनी म्हणून एक रकाना वाढवावा आणि त्या तबकडीमुळे कोणते गाणे सुरू झाले याच्या शेजारी, कोणते गाणे बंद पडले, हेही लिहावे. आमच्या भागापुरता तो रकाना भरायचा तर सध्या ऐंशीच्या घरातील टाळकऱ्यांना गाठावे लागेल, आणि तेही येत्या आषाढीच्या आत गाठलेले बरे.