छत आमचं, ऊन फुकटचं, बिल मात्र आण्णांच्या नावावर

सोलर बसवायला दोन दिवस लागले. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आडनाव जुळवायला पाच महिने लागले. त्यामुळे ‘सामान्य माणसाला सोलर परवडतं का हो?’ असं कुणी विचारलं की मला पैसे नंतर आठवतात, आधी वीज कार्यालयातला तो बाक आठवतो. एक पाय आखूड होता त्याचा. माझ्याआधी कुणीतरी त्याखाली जुन्या बिलांची घडी सारून ठेवली होती.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. घरात फ्रीज, पाण्याची मोटर आणि दोन कूलर. उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर ही चैन नसते, पारा 44 च्या पुढे गेला की रात्रीसुद्धा बंद करता येत नाही. 2024 च्या एप्रिलचं बिल आलं 312 युनिटचं, साडेतीन हजारांच्या वर. शंभर युनिट ओलांडले की दर दुपटीच्या आसपास जातो, त्यामुळे निम्मं बिल कूलरनेच खाल्लेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली होती. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. मोठी सिस्टीम लावली तरी 78,000 च्या वर मिळत नाही.

एजन्सीवाल्याने तीन किलोवॅटचे 1,95,000 सांगितले. अनुदान वजा जाता 1,17,000. वर्षाचं माझं बिल पंचवीस हजारांच्या आसपास जातं, म्हणजे पाचेक वर्षांत पैसे वसूल. कागदावर तर सोपंच वाटलं. मी त्याच संध्याकाळी अर्ज करायला बसलो. ग्राहक क्रमांक टाकला आणि पडद्यावर आण्णांचं नाव आलं.

आण्णांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. बिल दर महिन्याला भरत होतो, वरच्या नावाकडे कोण बघतं? अनुदान जमा व्हायचं तर मीटर आणि बँक खातं एकाच माणसाचं हवं. आण्णांचं खातं आम्ही केव्हाच बंद केलेलं. म्हटलं, नाव बदलून घेऊ, आठ दिवसांचं काम. जूनमध्ये मृत्यूचा दाखला घेऊन कार्यालयात गेलो.

टेबलामागच्या साहेबांनी बिल बघितलं, दाखला बघितला, परत बिल बघितलं. म्हणाले, “काका, दाखल्यावर पवार वारलेत. बिल पाटलांचं आहे. पाटील कुठे आहेत?”

आता खान्देशातल्या माणसाला हे समजावून सांगायची वेळ यावी! आमच्याकडे अर्धं गाव पाटील. कूळ कुणाचं पवार, कुणाचं साळुंखे, कुणाचं सोनवणे. शाळेत मास्तरांनी एक लिहिलं, तलाठ्याने दुसरं, आणि वायरमनने त्याच्या मनाला येईल ते. साहेब स्वतःही तिकडचेच, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण फाइलला ठाऊक नव्हतं.

मग दोन्ही नावांचा इसम एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. ते नेलं तर वारसांची संमती पाहिजे. वारस म्हणजे आई, मी, दोन बहिणी आणि सुरतेचा धाकटा भाऊ. बहिणी शिरपूर आणि नंदुरबारला, त्या सह्या करून मोकळ्या झाल्या. भाऊ सुरतेत कापडाच्या कारखान्यात. फोन केला तर म्हणे, “दादा, माले सुटी भेटत नही.” एका सहीसाठी पगार बुडवून तो रेल्वेने अमळनेरला आला, नोटरीसमोर सही केली आणि रात्रीच्या गाडीने परत गेला. मधल्या वेळेत आईने त्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, तेवढंच काय ते त्याच्या पदरात पडलं.

सगळा गठ्ठा घेऊन ऑगस्टमध्ये गेलो, तर साहेबांची बदली. नव्या साहेबांना फाइल सापडेना. तिसऱ्या खेपेला सापडली, आणि ते म्हणाले, घराचा नमुना आठचा उतारा तुमच्या नावाचा आणा. उतारासुद्धा आण्णांच्याच नावावर! हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी दोन्हीकडचं काम एकदमच लावलं असतं. ग्रामपंचायतीत वारस नोंद करायची तर मासिक सभेत विषय यायला लागतो. सप्टेंबरची सभा कोरम नाही म्हणून गेली. ऑक्टोबरला नोंद झाली. त्या दिवशी मी ग्रामपंचायतीच्या शिपायालाही पेढा दिला, आणि माझा मलाच राग आला. पेढे कशाचे? स्वतःच्या घराचे?

नोव्हेंबरच्या बिलावर माझं नाव छापून आलं. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि गप्प बसली.

तर जाहिरात बघून एजन्सीकडे धावण्याआधी घरातलं बिल काढा आणि वरचं नाव वाचा. तेच नाव आधारवर, बँकेच्या पासबुकावर, घराच्या उताऱ्यावर आहे का, एकेक अक्षर लावून बघा. नसेल तर उताऱ्यापासून सुरुवात करा. मी शेवटाकडून सुरुवात केली म्हणून उन्हाळ्याचा विषय हिवाळ्यात गेला.

पुढचं सगळं झटपट झालं. दीड लाखाचं कर्ज सात टक्क्यांच्या आसपास मिळालं, तारण काही नाही. उरलेले पैसे कापूस विकून आले होते, त्यातून घातले. अनुदान शेवटी मिळतं, आधी पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करायची असते, हे एजन्सीवाले जरा हळू आवाजात सांगतात. डिसेंबरमध्ये माणसं आली, 545 वॉटचे सहा पॅनल बसवून गेली. जानेवारीत लाइनवरून घेतलेली आणि लाइनवर गेलेली, अशी दोन्हीकडची वीज मोजणारा मीटर लागला आणि फेब्रुवारीत 78,000 खात्यावर जमा झाले. मी बसवलं तेव्हा जीएसटी जास्त होता. सप्टेंबर 2025 पासून पॅनलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा आता बसवणाऱ्यांनी जुने दर ऐकून घेऊ नयेत.

पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, नाहीतर अनुदान नाही. हे बिलावर लिहून घ्या. अर्थिंगचे खड्डे तीन वेगवेगळे हवेत. आमचा माणूस दोनातच उरकत होता.

आईचा खरा विरोध वेगळाच होता. “मना बिबडा कोठे वाळत घालू?” बिबडा म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. गच्चीचा दक्षिणेकडचा सगळा भाग पॅनलने घेतला. शेवटी सांगाडा माणूस उभा राहील एवढा उंच करून घेतला, त्याला खर्च थोडा वाढला. बिबडे आता उत्तरेच्या पट्टीत वाळतात आणि आई पॅनलच्या सावलीत खाट टाकून वानरं हाकलते. ज्यांच्याकडे वानरांचा त्रास आहे त्यांनी वायर पाइपातूनच घ्यावी.

मार्चमध्ये दिवसाला तेरा-चौदा युनिट व्हायचे. मे महिन्यात ऊन वाढलं तसे युनिटही वाढतील असं मला वाटलं होतं, पण ते कमीच झाले. पॅनल तापला की वीज कमी करतो. त्याची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते, आणि आमच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही. त्यात गावातली धूळ. पहाटे पुसून घेतो, दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारायचं नाही.

आणि लाइट गेली की हेही बंद. मे महिन्यात वादळ होऊन गेल्यावर दुपारी तीन तास वीज नव्हती. डोक्यावर रखरखीत ऊन, आणि घरात पंखा बंद. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट लागू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा, आपोआप थांबतो, कारण बरोबरच आहे. पण एवढे पैसे घातल्यावर शेजारी हसतात तेव्हा ते कारण सांगत बसायला जीव होत नाही. बॅटरीची सिस्टीम घ्यायची तर खर्च बराच वाढतो.

2025 च्या एप्रिलचं बिल आलं दीडशेच्या आसपास, तेही स्थिर आकाराचं. ते अजून फ्रीजवर चिकटवलेलं आहे.

मला परवडलं, पण माझं घर स्लॅबचं आहे आणि माझी वीज शंभर युनिटच्या पुढे जाते. शेजारचा चुलतभाऊ अजून धाब्याच्या घरात राहतो. मातीच्या छतावर सांगाड्याचे पाय रोवणार कुठे? तरी परवा त्यानेच विचारलं, गोठ्याला स्लॅब घालतोय, त्यावर होईल का? म्हटलं, होईल, पण आधी बिल आण. तो घरात जाऊन घेऊन आला.

बिल आजोबांच्या नावावर होतं.