लघवी धरून घेतलेलं रेडिएशन

नातेवाइकांना कॅन्सर म्हटलं की गर्भपिशवीचा किंवा स्तनाचा. माझा मूत्रमार्गाचा सांगितला की बायका विचारायच्या, "अगं, तिथे कुठे होतो?" होतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा एक टक्काही नाही, त्यामुळे लघवीत रक्त दिसूनही आधी इन्फेक्शनचीच औषधं चालली.

ऑपरेशन करायचं तर मूत्राशय जाऊन पोटावर लघवीची पिशवी येण्याची शक्यता होती. म्हणून मी लाईट, म्हणजे रेडिएशन घ्यायचं ठरवलं, सोबत आठवड्याला एक सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध.

मशीनची भीती उगाच होती. आत काहीच जाणवत नाही, "ताई, हलू नका" एवढंच ऐकू येतं. खरा त्रास बाहेरच्या बाकावर. लघवी करून यायचं, ठरलेलं पाणी प्यायचं आणि मूत्राशय भरेपर्यंत बसायचं. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर सारतं, मग त्यांना किरण कमी लागतात. हे कारण कळल्यावर माझी कुरकूर थोडी कमी झाली. पण तिसऱ्या आठवड्यापासून जळजळ सुरू झाली, तेव्हा तेच थांबणं नकोसं व्हायचं. नंबर लांबला की जाऊबाई काउंटरवर जाऊन विचारायच्या. मला लाज वाटायची, त्यांना नाही.

जांघेतली कातडी सोलवटली. सैल सुती कपडे, कोमट पाण्याचा टब, आणि विचारल्याशिवाय तेल-पावडर काही लावायचं नाही. जुलाबही झाले. डोक्यावरचे केस मात्र या लाईटने जात नाहीत, हे मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे गाठीच्या जागी आतूनच दिलेलं रेडिएशन. भूल देऊन मूत्रमार्गाभोवती सुया बसवल्या. त्यांना नळ्या जोडून मशीन इरिडियम या किरण सोडणाऱ्या धातूचा बारीक कण आत पाठवतं आणि परत ओढून घेतं. सुया असेपर्यंत पाठीवर पडून राहायचं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लावलेली. माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच. किरण अंगात उरत नाहीत, घरी येऊन नातवाला खुशाल मांडीवर घेतलं.

डायलेटर, म्हणजे योनीत घालायची गुळगुळीत कांडी, त्याबद्दल मात्र मलाच विचारावं लागलं. योनीमार्ग आक्रसू नये, पुढच्या तपासण्या नीट व्हाव्यात म्हणून तो वापरायचा असतो. वय झालंय म्हणून गरज नाही, असं नसतं. सिस्टरने पडदा ओढून नीट दाखवलं. लघवीची धार बारीक झाली तर मार्ग अरुंद झालेला असू शकतो, लगेच यायचं, हेही तिनेच सांगितलं. आता दुर्बिणीची तपासणी आहे. जाऊबाई याही वेळी येणार आहेत.