सिव्हिलच्या चार वर्षांसाठी लॅपटॉप निवडताना

ऑगस्ट २०२५ मध्ये, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत मुलीचा पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंगचा प्रवेश नक्की झाला. फी भरली, हॉस्टेलचं डिपॉझिट भरलं, आणि पुढचा मोठा खर्च समोर उभा राहिला तो लॅपटॉपचा. आम्ही साताऱ्याचे. मी पतसंस्थेत नोकरी करते. पंचावन्न हजारांच्या वर जायचं नाही आणि घेतलेली वस्तू चारही वर्षं पुरली पाहिजे, एवढं घरात बसून ठरलं होतं.

दुकानात जाण्याआधी मी भाच्याला फोन केला. तो पुण्यात एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे काम करतो. तो म्हणाला, "मामी, लॅपटॉप कुठला ते नंतर बघू. आधी चार वर्षांत ती त्यावर काय चालवणार ते लिहून काढ." पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि थोडं प्रोग्रॅमिंग. पुढे नकाशे काढायचं ऑटोकॅड, मग इमारतीचं त्रिमिती मॉडेल करायचं रेव्हिट, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाकडे स्ट्रक्चरचं गणित करणारं स्टॅड प्रो किंवा ईटॅब्स. ही यादी हातात आल्यावर निम्मे प्रश्न आपोआप सुटले. मुलीच्या मनात मॅकबुक होतं; तिच्या दोन मैत्रिणींनी घेतलंय, वजनाला हलकं, बॅटरी दिवसभर चालते. पण ऑटोकॅड मॅकवर मिळत असलं तरी रेव्हिट, स्टॅड प्रो आणि ईटॅब्स ही तिन्ही विंडोजचीच सॉफ्टवेअर आहेत. तिला ते पटलं आणि विषय तिथेच संपला. कॉमर्स किंवा आर्ट्सच्या मुलीसाठी मी त्याचा नक्की विचार केला असता.

माझ्या दिरांकडे एक जुना लॅपटॉप पडून होता, इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा. तो देऊन वर्षभर भागवता येईल का, हेही पाहिलं. विंडोज १० ला मिळणारे सुरक्षेचे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे कॉलेज सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच ते मशीन मागे पडणार. तो लॅपटॉप आता माझ्या सासऱ्यांकडे भजनं ऐकायला आहे.

पोवई नाक्याजवळच्या दुकानात गेलो तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, बजेट किती?" मी बजेट न सांगता यादी पुढे केली. त्या दुकानातल्या मुलाने ती नीट वाचली, हे मला आवडलं. त्याने तीन-चार लॅपटॉप काढून ठेवले आणि खरा अभ्यास तिथून सुरू झाला.

प्रोसेसरच्या नावात काय दडलेलं असतं हे प्रत्येक पालकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण फसगत होण्याची जागा हीच आहे. एक उदाहरण सांगते. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी होते, दोन्हींवर एएमडी कंपनीच्या रायझन ५ प्रोसेसरचं स्टिकर, दोन्ही ७००० मालिकेतले. एकात ७५२०यू, दुसऱ्यात ७५३०यू. किमतीत फरक थोडाच. भाच्याने फोनवर सांगितलं, "मामी, तिसरा आकडा बघ." या मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आणि तिसरा आतल्या रचनेच्या पिढीचा. ७५२०यू मध्ये झेन २ ही जुनी रचना आणि चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग. ७५३०यू मध्ये झेन ३ आणि सहा कोअर. शिवाय ७५२०यू सोबत जी रॅम (चालू कामासाठीची मेमरी) येते ती मदरबोर्डवर कायमची डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्टिकर एकच, पण एक चौथ्या वर्षापर्यंत तग धरेल आणि दुसरा दुसऱ्या वर्षीच दमेल.

इंटेलच्या नावात शेवटचं अक्षर पाहायचं. यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जास्त ताकदीचा. एचची मूळ मर्यादा ४५ वॅटची, यूची बहुतेक १५ वॅटची. एच घेतला की बॅटरी लवकर उतरते आणि पंखा ऐकू येतो. रोज दिवसभर लायब्ररीत बसून टायपिंग करणाऱ्याला यू बरा. आम्हाला पुढे स्ट्रक्चरचं गणित करून घ्यायचं होतं, म्हणून एच.

मग ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रांचं काम करणारा वेगळा भाग. दुकानात आणि नात्यात ज्याने त्याने सांगितलं की इंजिनिअरिंगला गेमिंग लॅपटॉपच हवा. वेगळं कार्ड असलेले लॅपटॉप पासष्ट हजारांच्या पुढे होते, वजन सव्वादोन किलोच्या वर, आणि चार्जरच एक विटेएवढा. मुलगी दर पंधरवड्याला स्वारगेटहून एसटीने घरी येणार आणि रोज हॉस्टेल ते कॉलेज पाठीवर घेऊन चालणार. तरीही, गरज असती तर ते सोसलं असतं. पण भाच्याचा रोजचा अनुभव असा की स्टॅड प्रो, ईटॅब्सची गणितं मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतात. कार्डाचा खरा उपयोग इमारतीची त्रिमिती चित्रं रंगवून काढताना होतो. आर्किटेक्चरच्या मुलांना कार्ड लागतं, त्यात दुमत नाही. आमच्या कामाला ते नको होतं.

इथपर्यंत आल्यावर मला एक साधी वाट सापडली. नंतर जे बदलता येत नाही, त्यावर आज पैसे घालायचे. जे वाढवता येतं, ते पुढे ढकलायचं. प्रोसेसर बदलता येत नाही. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागरी बदलणं फार महाग पडतं. रॅम आणि एसएसडी (फाइल्स साठवायची जागा) मात्र सोय असेल तर वाढवता येतात. त्यामुळे "आठ जीबी आहे की सोळा" याआधी मी "रॅमचा स्लॉट मोकळा आहे का" हा प्रश्न विचारू लागले. उत्तर तोंडी घ्यायचं नाही. चालू लॅपटॉपवर विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जायचं. तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, आणि फॉर्म फॅक्टरसमोर 'एसओडीआयएमएम' लिहिलं असेल तर काढता-घालता येणारी पट्टी. 'रो ऑफ चिप्स' असेल तर डकवलेली. एका लॅपटॉपबद्दल "होईल की वाढवून" असं उत्तर मिळालं होतं. टास्क मॅनेजरने वेगळंच सांगितलं. काही लॅपटॉपमध्ये थोडी रॅम डकवलेली आणि जोडीला एक स्लॉट मोकळा असतो. तेही चालतं.

वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच वाटा घेतं. म्हणून आठ जीबीची एकच पट्टी असली की दोन बाजूंनी अडचण होते: जागा कमी आणि माहिती ये-जा करायची वाटही एकच. दुसरी पट्टी घातली की दोन्ही वाटा उघडतात.

स्क्रीनसाठी मी लॅपटॉप दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहिला. मुलीचं आयुष्य पुढची चार वर्षं बारीक रेघांकडे बघण्यात जाणार आहे. माहितीपत्रकात २५० निट्स (उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससी (रंगांचं माप) लिहिलेली स्क्रीन घरात ठीक वाटते, पण खिडकीजवळ फिकी पडते आणि रंग मेलेले दिसतात. आम्ही आयपीएस, म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारी, ३०० निट्सची घेतली. कीबोर्डखाली दिवा असावा हा आग्रह मुलीचा. हॉस्टेलच्या खोलीत तिघी राहणार. एक झोपली की ट्यूबलाइट बंद. हे मला सुचलं नसतं. शिवाय टाइप-सी वरून चार्जिंग होतं का तेही पाहिलं, म्हणजे चार्जर घरी राहिला तर मैत्रिणीचा उपयोगी पडतो.

शेवटी कोअर आय५ १३४२०एच, आठ जीबीची एक पट्टी आणि एक स्लॉट मोकळा, ५१२ जीबी एसएसडी, वजन एक किलो सहाशेच्या आसपास, असा लॅपटॉप ठरला. बावन्न हजारांना. घरी आल्यावर मुलगी घाबरून म्हणाली, "आई, पाचशे बारा सांगितलं आणि इथे चारशे शहात्तरच दिसतायत." त्यात कुणी काही कापलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत.

पैशांचा भाग माझ्या रोजच्या कामातला. दुकानात 'नो कॉस्ट ईएमआय'चा फलक होता. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत व्याजाएवढी सूट किमतीत आधी दाखवतात आणि मग बँक व्याज लावते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. मी दुकानदाराला रोखीचा भाव विचारला, तो कमी निघाला, आणि आवर्त ठेव मोडून पूर्ण रक्कम दिली. शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांनी बँकेत एक चौकशी जरूर करावी: अभ्यासक्रमासाठी आवश्यक असेल तर संगणकाचा वाजवी खर्च त्या कर्जात धरता येतो. आमच्याकडे येणाऱ्या अनेक पालकांना हे ठाऊक नसतं, आणि ते लॅपटॉपसाठी दुसरं, जास्त व्याजाचं कर्ज काढतात.

बिलाशिवाय थोडं स्वस्त देतो असंही एके ठिकाणी ऐकलं. नको. बिलावर सीरियल नंबर असला पाहिजे. खोका उघडण्याआधी तो नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवला आणि कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू होते ते पाहिलं. शोकेसमध्ये मांडलेल्या मशीनची वॉरंटी आधीच सुरू झालेली असू शकते.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येक पालकाला हात धरून सांगेन. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, विंडोज चालू करून, ऑफिस टाकून देतो." मी थांबवलं. मायक्रोसॉफ्टचं खातं मुलीचंच हवं, तिच्या ईमेलवरचं. लॅपटॉपसोबत मिळणारं ऑफिस ज्या खात्यावर सुरू होतं त्याचंच होतं. आणि त्याहून मोठी बाब म्हणजे विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरुवात केली की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. त्या कुलपाची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली त्याच खात्यात जाते. पुढे एखाद्या दुरुस्तीनंतर लॅपटॉपने ती किल्ली मागितली आणि खातं दुकानदाराचं असलं, तर मुलीची सगळी सबमिशन्स आत अडकली. आम्ही घरी सावकाश सगळं केलं, किल्ली कागदावर लिहून बिलासोबत ठेवली. ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना ऑटोडेस्ककडून मोफत मिळतात. कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. कुणाकडून पेन ड्राइव्हवर चोरीची प्रत घेण्याचं काही कारणच उरत नाही.

दुसरी रॅमची पट्टी आम्ही त्याच महिन्यात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बसवली, वॉरंटीचा प्रश्न येऊ नये म्हणून आधी विचारून. तेव्हा ती दोन हजारांच्या आसपास मिळाली. त्यानंतर, २०२५ च्या अखेरीस, एआयच्या डेटा सेंटर्सची मागणी वाढल्याने रॅमचे भाव भडकले. त्यामुळे "आठ घ्या, नंतर वाढवा" हा हिशेब आता डोळे मिटून मांडता येणार नाही. मोकळा स्लॉट हवाच. पण दुकानात आठ आणि सोळाच्या किमतीतला फरक सुट्या पट्टीच्या आजच्या भावाशी ताडून पाहा. सोळावाला तयारच स्वस्त पडत असेल तर तो घ्या. यंदा माझ्या बहिणीचा मुलगा मेकॅनिकलला जाणार आहे, त्याच्यासाठी मी हेच दोन भाव आधी विचारून घेणार आहे.